तीन सामने गाजवले, म्हणजे सेंटर तयार झाला का?

प्रश्न भांडुपच्या एका वडिलांचा आहे. मुलगा १८ वर्षांचा, उंची सहा फूट सहा इंच, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये दोन वर्षं बेंचवर. सीनियर सेंटरचा, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच गड्याचा, घोटा मुरगळला आणि याला सलग तीन सामने पहिल्या पाचात मिळाले. त्यात १४, १९ आणि १६ पॉइंट, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) ११, १५ आणि १२. आता सीनियर बरा होऊन परत येतोय आणि कोच म्हणतात, पोरगा पुन्हा बेंचवरून येईल. वडील विचारतात: हा अन्याय नाही का? पोरगा खरोखर स्टार्टर, म्हणजे पहिल्या पाचातला, व्हायच्या लायकीचा आहे का? आणि असेल तर एक वर्ष अभ्यास बाजूला ठेवून पूर्ण वेळ बास्केटबॉलला द्यावा का?

थोडक्यात सांगायचं तर अन्याय नाही, लायकी दिसतेय पण अजून ठरलेली नाही, आणि अभ्यास बाजूला ठेवू नका. आता सविस्तर सांगतो. बावीस वर्षं या शहरात उंच पोरांना शिकवतोय आणि त्याआधी स्वतः सेंटर खेळलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुम्ही आधी पाठवलेली, त्याच्या खेळाची रील पाहिली. गाणं चांगलं निवडलंय. पण रीलमध्ये कुणाचीच चूक नसते. म्हणून मी तुमच्याकडे दुसऱ्या सामन्याचं सगळं चित्रण मागितलं, ज्यात त्याने १९ पॉइंट आणि १५ रिबाउंड केले तो. वही घेऊन दोनदा पाहिला. पहिल्यांदा बॉलकडे बघत, दुसऱ्यांदा फक्त तुमच्या मुलाकडे बघत.

आधी जमेच्या बाजू. हात मऊ आहेत. गार्डने (बॉल पुढे आणणाऱ्या, बुटक्या खेळाडूने) कमरेखाली, घाईत, वाकडातिकडा दिलेला पाससुद्धा तो पकडतो, आणि हे शिकवून फारसं येत नाही. पकडल्यावर बॉल खाली आणत नाही, ही दुसरी गोष्ट. रिंग ३.०५ मीटरवर आहे. त्याच्या उंचीच्या मुलाचा हात नुसता उभ्या उभ्या अडीच मीटरच्या वर जातो. बॉल वरच ठेवला तर साडेपाच फुटी गार्ड त्याचं काही वाकडं करू शकत नाही. खाली आणला की तोच गार्ड हिसकावतो. आपल्याकडची निम्मी उंच मुलं कॉलेज संपेपर्यंत बॉल गुडघ्याजवळ नेऊन मग उडी मारतात. हा मारत नाही. ज्याने कुणी लहानपणी शिकवलं असेल त्याला माझा नमस्कार सांगा.

तिसरी गोष्ट म्हणजे तो पळतो. समोरच्याची बास्केट झाली की वळून थेट पलीकडच्या रिंगखाली पोचतो. त्याच्या १९ पैकी ८ पॉइंट मला असे सापडले, जिथे समोरचा सेंटर अजून मधल्या रेषेवर हाशहुश करत होता.

आणि नेमकी इथेच माझ्या वहीत पहिली शंका आली. त्या तिन्ही टीमना तुमचा मुलगा माहीतच नव्हता. त्यांनी तयारी केली होती ती सीनियरची, जो जड आहे, पाठ लावून खेळतो आणि पळत नाही. हा आला आणि पळाला. पुढच्या वेळी तेच लोक त्याच्यासाठी एक माणूस मागे ठेवतील. मग काय?

माझंही असंच झालं होतं, म्हणून सांगतो. आमच्या सेंटरला कावीळ झाली आणि मला जागा मिळाली. तीन सामने मी असा खेळलो की घरी येताना लोकलच्या दारात उभा राहून उगाच हसायचो. चौथ्या सामन्यात समोरच्या कोचने माझ्याहून चार इंच बुटका, पण दीडपट रुंद गडी लावला. तो उडी मारतच नव्हता. मांडीला मांडी लावून मला रिंगपासून हळूहळू सरकवत होता. दादरला गाडी आली की मागचे सरकवतात ना, धक्का म्हणावा असा कुणीच देत नाही आणि तरी तुम्ही चार पावलं पुढे गेलेले असता, तसं. हाफ टाइमला माझे तीन रिबाउंड आणि चार फाउल होते. तिसऱ्या क्वार्टरच्या दुसऱ्या मिनिटाला पाचवा. उरलेला सामना मी टॉवेल डोक्यावर घेऊन पाहिला. पुढच्या आठवड्यात कावीळवाला परत आला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

त्यामुळे नव्या सेंटरचं कौतुक माझ्या कानावर आलं की मी पॉइंट विचारत नाही. मिनिटं किती आणि फाउल किती, एवढंच विचारतो. तुमच्या मुलाचे तीन सामन्यांतले फाउल तुम्ही लिहिले नव्हते, मी विचारल्यावर कळवलेत: ४, ५, ४. आणि तो सरासरी पंचवीसेक मिनिटं खेळला.

हिशेब करून बघा. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेचे, नियम चालतात. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, पाचव्या फाउलला बाहेर. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये बारा मिनिटांचे क्वार्टर आणि सहा फाउल असतात, तिथे जरा ऐसपैस कारभार आहे. २५ मिनिटांत ४ फाउल करणारा पोरगा त्याच चालीने ३४ मिनिटं खेळला तर जवळजवळ साडेपाच फाउल होतात. म्हणजे तो ३४ मिनिटं खेळूच शकत नाही. कोचने त्याला स्टार्टर केलं तरी दुसऱ्या क्वार्टरमध्ये तीन फाउल झाल्यावर त्याला बसवावंच लागेल, आणि मग बेंचवरून कोण येणार? कोचचा निर्णय मला इथेच समजतो. स्टार्टर सेंटर म्हणजे शेवटची चार मिनिटं हातात राहील याची ज्याच्याबद्दल खात्री असते तो. तुमच्या मुलाची तशी खात्री आज कुणीच देऊ शकत नाही.

हे फाउल होतात कसे, ते त्या चित्रणात अगदी स्वच्छ दिसतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, घड्याळात सहा मिनिटं बारा सेकंद असताना बघा. समोरचा फॉरवर्ड (सेंटरहून जरा बाहेर खेळणारा) उजव्या बाजूने आत घुसतो. तुमचा मुलगा मदतीला वेळेवर येतो, पाय बरोबर ठेवतो, छाती समोर आहे, सगळं उत्तम. फॉरवर्ड बॉल वर नेल्यासारखं करतो, डोळे रिंगकडे. तुमचा मुलगा हवेत. फॉरवर्ड अर्धा सेकंद थांबतो, मग अंगात शिरून उडी मारतो, हात आदळतो, शिट्टी. चौथा फाउल. आणि लगेच तुमच्या मुलाने दोन्ही तळहात वर करून रेफरीकडे पाहिलं. या शेवटच्या सवयीचा मला सगळ्यात जास्त राग आहे, पण ते असो.

ब्लॉकचा, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेत अडवण्याचा हव्यास, बाकी काही नाही. रीलमध्ये ब्लॉक चारदा आहे, त्यामुळे त्यालाही वाटतं की आपलं काम तेच. खरं काम त्याहून कंटाळवाणं आहे: हात सरळ वर, जागेवरून सरळ उडी, आणि समोरच्याला अवघड शॉट मारायला लावणं. नियम इथे बचाव करणाऱ्याच्या बाजूने आहे. सरळ वर जाणाऱ्या खेळाडूचा त्याच्या अंगाइतक्या जागेवर, खालपासून वरपर्यंत, हक्क असतो. त्या जागेत समोरचा येऊन आदळला तर तो फाउल बचाव करणाऱ्याचा नाही. हात पुढे झुकले, धड तिरकं झालं की तो हक्क गेला. मी मुलांना भिंतीला पाठ लावून उड्या मारायला लावतो. दोन्ही हात वर, मनगटं भिंतीला टेकलेली, उडी मारून उतरेपर्यंत मनगटं सुटता कामा नयेत. वीसच्या चार फेऱ्या. पहिल्या आठवड्यात पोरं हसतात, दुसऱ्यात खांदे धरून बसतात, आणि महिन्याभरात सामन्यातला एक फाउल कमी होतो. माझा अनुभव एवढाच आहे, एक फाउल. पण त्या एका फाउलची किंमत वर काढली ना आपण.

दुसरा व्यायाम घरी करता येतो. तुम्ही समोर बॉल घेऊन उभे राहा आणि फसवा. त्याने तुमचे पाय जमिनीवरून सुटल्याशिवाय स्वतःचे सोडायचे नाहीत. तुमचे गुडघे दुखत असतील तर धाकट्या भावंडाला उभं करा.

आता मुंबईचंच उदाहरण देतो. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये एनबीएचे दोन सराव सामने झाले, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. पहिला १३२-१३१ असा जादा वेळेत पेसर्सने घेतला, दुसरा १३०-१०६. त्या पेसर्समध्ये डोमांटास साबोनिस होता, वय २३. त्याआधीच्या हंगामात तो जवळजवळ पूर्ण वेळ बेंचवरून आला होता, कारण सेंटरच्या जागी मायल्स टर्नर होता. बेंचवरून येऊन साबोनिसने साधारण २५ मिनिटांत १४ पॉइंट आणि ९ रिबाउंडची सरासरी दिली होती. तेव्हाही लोक म्हणत होते, याला सुरुवातीला का नाही घेत?

मुंबईनंतरच्या हंगामात तो स्टार्टर झाला. साधारण ३५ मिनिटं, १८.५ पॉइंट, १२.४ रिबाउंड, आणि ऑल-स्टारमध्ये (निवडक खेळाडूंच्या सामन्यात) निवड. सगळे म्हणाले, पोरगा एकदम मोठा झाला. पण जरा भागाकार करा. मिनिटामागे रिबाउंड आणि पॉइंट आधीच्या वर्षाइतकेच आहेत, किंचित कमीच. म्हणजे त्याचं मिनिटामागचं काम बेंचवर असतानाच पूर्ण तयार होतं. नवं काय झालं? तेच काम त्याने दहा मिनिटं जास्त, जास्त ताकदीच्या पाच जणांसमोर, तेवढ्याच सफाईने केलं. दहा मिनिटं वाढली की दम कमी पडतो, फाउल वाढतात, समोरचा बेंचवरचा नसून त्यांचा मुख्य गडी असतो, आणि इतकं होऊन जो तेवढाच राहतो तो स्टार्टर. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत पेसर्सने साबोनिसला सोडलं, आणि तेही डोममध्ये समोर असलेल्या त्याच किंग्जकडे. एका टीममध्ये दोन चांगले सेंटर फार काळ सुखाने नांदत नाहीत, हेही त्यात आलं. तुमच्या मुलाचा सीनियर पुढच्या वर्षी पास होऊन जाईल, इथे तेवढी सोय आहे.

कधी उलटंही होतं, ते लपवणार नाही. २०१४-१५ च्या हंगामाच्या सुरुवातीला गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या डेव्हिड लीच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. ली ऑल-स्टार खेळलेला माणूस. त्याच्या जागी ड्रेमंड ग्रीनला घेतलं. ली बरा होऊन आला तेव्हा जागा गेली होती, ती परत मिळालीच नाही, आणि त्याच वर्षी वॉरियर्स चॅम्पियन झाले. मग कोचने तिथे का नाही जुन्याला परत घेतलं? ग्रीनचे पॉइंट जास्त होते म्हणून नाही. पॉइंट करणारा ली होता. ग्रीन आल्यावर बाकी चौघांचा बचाव सुधारला, पास सुटे झाले. आणि हा ग्रीन उंचीला किती? कागदावर सहा फूट सहा इंच. अंतिम फेरीत कोचने सेंटर बोगटला बसवून ग्रीनलाच सेंटरला खेळवलं. तुमच्या मुलाने त्या मालिकेचा चौथा सामना शोधून पाहावा. शॉट बघू नकोस म्हणावं, ग्रीनचं तोंड बघ. ते बंद होत नाही.

उंचीचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोळी. सहा फूट सहा इंच म्हणजे आपल्या कॉलेज स्पर्धांत डोंगर. राष्ट्रीय पातळीवर सेंटर म्हणून ती उंची कमी पडते. आपले सेंटर बघा: सतनाम सिंग सात फूट दोन, अमृतपाल सिंग सहा फूट अकरा. प्रिन्सपाल सिंग, जो २०२१ मध्ये एनबीएची उन्हाळी स्पर्धा, समर लीग, जिंकणाऱ्या किंग्जच्या टीममध्ये होता, तुमच्या मुलाहून तीनेक इंच उंच असून फॉरवर्ड खेळतो. म्हणजे तुमच्या मुलाला आज सेंटर खेळत असतानाच उद्याचा फॉरवर्ड शिकायचा आहे: बाहेर येऊन गार्डसमोर पाय हलवणं, फ्री थ्रो लाइनवर बॉल घेऊन पास काढणं, कोपऱ्यातून शॉट. यासाठी मी ३x३ (तिघांविरुद्ध तिघं) खेळायला सांगतो. अर्धं कोर्ट, शॉट मारायला बारा सेकंदांचं घड्याळ, दहा मिनिटांचा सामना. तिथे सेंटरला लपायला जागा नसते, दर दुसऱ्या वेळी तो कुणातरी लहान आणि चपळ पोरासमोर एकटा सापडतो. एका उन्हाळ्यात जे शिकतो ते पाच जणांच्या खेळात दोन वर्षांत येत नाही.

आणि एनबीएचे व्हिडिओ बघून बचाव शिकत असेल तर जरा सावध. तिथे बचाव करणाऱ्यालाही कुणाला धरून न राहता पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपल्याकडे तो नियम नाही. आपला सेंटर रिंगसमोर ठाण मांडून उभा राहू शकतो, आणि राहिला पाहिजे. तुमचा मुलगा त्या सामन्यात उगाचच आत-बाहेर, आत-बाहेर करत होता. मी विचारात पडलो, मग लक्षात आलं की हे मोबाइलवरून आलंय.

स्क्रीनबद्दल. बॉल असलेल्या गार्डसाठी त्याने तेवीसदा स्क्रीन लावली, म्हणजे गार्डच्या मागे लागलेल्याची वाट अडवायला गेला, मी मोजलं. त्यातल्या सात वेळा समोरचा माणूस खरोखर अडकला. बाकी सोळा वेळा हा पोचायच्या आधीच रिंगकडे वळला, कारण त्याला पास हवा होता. त्याचं मन समजतं. पण गार्डच्या जागी उभे राहून बघा: सीनियर येतो आणि खांबासारखा उभा राहतो, गार्डला मोकळा शॉट मिळतो. हा येतो, वाऱ्यासारखा स्पर्श करून जातो आणि गार्ड दोघांच्या तावडीत. पहिल्या पाचात कोण हे कागदावर कोच लिहितो, पण कोचचं मन गार्डच्या चेहऱ्यावरून बनतं. तुमच्या मुलाला सांगा, त्याच्या गार्डलाच एकदा विचार, तुला माझी स्क्रीन आवडते की त्याची. उत्तर कदाचित आवडणार नाही, पण मोफत मिळेल.

पुटबॅक करताना (रिबाउंड पकडून लगेच शॉट मारताना) घाई नको, हे जाता जाता. आक्रमणातला रिबाउंड मिळाला की शॉटचं घड्याळ चौदा सेकंदांवर येतं, ते भरपूर आहेत. तीन जण अंगावर आले तर बॉल बाहेर दे. त्याने दोनदा दिला असता तर मोकळे शॉट होते, तो तिघांतून मारायला गेला. फ्री थ्रो नऊपैकी चार. यावर भाषण देत नाही. रोज सरावानंतर, दमलेला असताना, शंभर. ताजा असताना मारलेल्या फ्री थ्रोचा सामन्यात उपयोग होत नाही.

शरीराचं थोडं. अजून वाढतोय, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं असं तुम्ही लिहिलंय. आपली बहुतेक मैदानं सिमेंटची, त्यावर रोज दोनशे उड्या म्हणजे गुडघ्याचं वाटोळं. एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि उड्या आठवड्यातून तीनच दिवस ठेवा. बाकी दिवस पाय हलवणं, पास, शूटिंग. बूट त्याच्या मापाचे मिळत नाहीत म्हणून एक नंबर लहान घालतो, हे वाचून मी कपाळावर हात मारला. बाकी सगळा खर्च थांबवा, पण आधी बूट घ्या. पावसाळ्यात उघड्या कोर्टवर ओल असताना त्याला उतरवू नका, सीनियरचा घोटा कसा गेला ते आठवा.

अभ्यासाचं. सतनाम २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, भारतातून निवडला गेलेला पहिलाच. सात फूट दोन इंच, किशोरवयात अमेरिकेत जाऊन शिकलेला. एनबीएच्या मुख्य हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुसरीकडे अमृतपाल. शेतकऱ्याचा मुलगा, आधी कबड्डी खेळायचा, बास्केटबॉलकडे इतरांच्या मानाने उशिरा वळला, आणि २०१७ मध्ये सिडनी किंग्जने त्याला ऑस्ट्रेलियात घेतलं. म्हणजे १८ व्या वर्षी घाई केली नाही म्हणून कुठलं दार बंद होत नाहीये. मुंबईत या खेळातून घर चालतं ते बहुतांशी रेल्वे, आयकर अशा खात्यांच्या खेळाडू कोट्यातल्या नोकरीवर, आणि तिथे पदवी असेल तर पुढची बढती सोपी जाते. माझ्याबरोबरचे जे पदवी सोडून खेळले, त्यांच्यातले दोघं आज मला भेटले की आधी मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलतात.

कोचबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मी इथे उतरवत नाही. तुम्ही रागात लिहिलंय. एक विनंती: स्टँडमधून ओरडू नका आणि कोचला फोन करू नका. मुलालाच जाऊ द्या आणि त्याने एकच प्रश्न विचारावा, ‘सर, शेवटची पाच मिनिटं मला कोर्टवर ठेवायला तुम्हाला काय दिसायला हवं?’ सुरुवात कोण करतो ते टाळ्यांपुरतं असतं. सामना संपताना कोण आत आहे ते बघायचं. बेंचवरून येऊन शेवटची पाच मिनिटं खेळणारा मुलगा हा खरा स्टार्टर, फक्त त्याचं नाव उशिरा पुकारलं जातं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. त्याला एखाद्या संध्याकाळी नागपाड्याला घेऊन जा. बच्चू खान मैदान किंवा मस्तान वायएमसीए, कुठेही. अरुंद गल्ल्या, आजूबाजूला गॅरेज, आणि मध्ये ते कोर्ट. भारताचे कॅप्टन राहिलेले, १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले. तिथे जाऊन खेळू नका पहिल्या दिवशी, फक्त कडेला उभे राहा आणि डोळे मिटा. ‘लेफ्ट, लेफ्ट!’ ‘पीछे है!’ ‘मैं हूँ, मैं हूँ, जा तू!’ चौदा वर्षांचं पोरगं रिंगखालून पंचवीस वर्षांच्या माणसाला हुकूम सोडत असतं आणि तो ऐकतो. कारण रिंगखाली उभ्या असलेल्यालाच सगळं कोर्ट दिसतं. गार्डच्या पाठीमागून स्क्रीन येतेय हे गार्डला दिसत नाही, सेंटरला दिसतं. सेंटरने तोंड उघडलं नाही तर गार्ड आंधळा. बचावात सेंटरचं पहिलं काम डोळ्याचं आणि दुसरं घशाचं, हाताचं तिसरं.

तुमच्या मुलाला सगळं दिसतं, त्याचे पाय वेळेवर हलतात त्यावरून कळतं. पण तो बोलतो का, हे मला दोनदा चित्रण पाहूनही सांगता येत नाही, कारण पूर्ण सामन्याच्या चित्रणावरही तुम्ही तेच गाणं टाकलंय. सीनियर परत आल्यावर जो सामना होईल, त्यात हा बेंचवरून येईल तेव्हा स्टँडमधून शूट करू नका. परवानगी घेऊन बेसलाइनच्या (रिंगमागच्या रेषेच्या) मागे उभे राहा, मोबाइल आडवा धरा, आणि गाणं न घालता जसंच्या तसं पाठवा. आवाज मोठा करून बघेन.